संगीतावरची छापील मासिकं शोधायची कुठे?

बोरिवली_फास्ट
मंडळी एक विचारायचंय. रोज बोरिवली-चर्चगेट, कानात गाणी असतातच पण फोनवर काही वाचायला घेतलं की पाच मिनिटांत रील्सवर पोचतो, म्हणून ठरवलंय की हातात धरून वाचायचं काहीतरी घ्यायचं, संगीतावरचंच. नुसते फोटो आणि मुलाखती नकोत, वाचून परत ऐकावंसं वाटलं पाहिजे. काळाघोड्याचं ऱ्हिदम हाऊस २०१६ ला बंद झालं, त्यानंतर विचारायचं कोणाला तेच कळत नाही. प्लॅटफॉर्मवरच्या स्टॉलवाल्याला संगीताचं मासिक आहे का म्हटलं तर त्याने शब्दकोड्यांचं पुस्तक पुढे केलं 😅 शास्त्रीय जास्त आवडतं, जॅझ-रॉकही चालेल. मराठीत काही आहे का?

ठेका_दादरा
अरे स्टॉलवर नाही मिळायचं हे. संगीत कला विहार शोध, गांधर्व महाविद्यालय मंडळाचं, १९४७ पासूनचं. बी. आर. देवधर त्याचे संपादक होते, म्हणजे कुमार गंधर्वांचे गुरू. देवधर मास्तर स्वतः गवयांकडे जाऊन बसायचे आणि कोण कसं गातो, कसं शिकवतो, स्वभाव कसा, सगळं लिहायचे, त्यामुळे ते लेख आजही गप्पांसारखे वाचता येतात. नवीन अंकांबद्दल मात्र माझं मत तेवढं चांगलं नाही, परीक्षेच्या पोरांसाठीचा मजकूर जास्त वाटतो. गाण्यातल्या विशारदच्या परीक्षा घेणारा एखादा क्लास जवळ असेल तर तिथल्या सरांना विचार, कपाटात गठ्ठा असतोच.
हिंदी चालत असेल तर हाथरसचं 'संगीत', १९३५ पासूनचं. माझ्याकडे रद्दीतून आलेला एक अंक आहे, पिना गंजलेल्या, आत भातखंडे लिपीत (म्हणजे स्वर-ताल कागदावर लिहायची पद्धत) बंदिश आणि कोणीतरी पेन्सिलीने कोमल स्वरांखालच्या आडव्या रेघा परत गडद केल्यात, एका ठिकाणी समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, फुली मारलीय. बहुतेक तिथेच चुकत असणार बिचारा.

डिस्टॉर्शन_पेडल
काका लोकांनी रॉक सोडलंच 🙂 आपल्याकडे रॉक स्ट्रीट जर्नल होतं, १९९३ ला सुरू झालं, इंडियन बँड्सबद्दल तेव्हा दुसरं कोण लिहीत होतं सांगा. रोलिंग स्टोनची इंडियन आवृत्ती २००८ ला आली. बाहेरची म्हणशील तर प्रयोगवाल्या संगीतासाठी द वायर, जुन्या रॉकसाठी मोजो. पण वर्गणी भरायच्या आधी मासिक चालू आहे का ते बघ, इंग्लंडचं क्यू २०२० ला बंद पडलं आणि तिथल्याच एनएमईचा साप्ताहिक अंक २०१८ लाच गेला. आणि वर्षाची वर्गणी एकदम भरू नको रे बाबा, मी एका परदेशी मासिकाची भरली होती, बारातले पाच आले, त्यातला जुलैचा एवढा भिजलेला की पानं पापडासारखी वाळवली. आधी एक सुटा अंक मागव.

अठ्ठ्याहत्तर_आरपीएम
जुन्या रेकॉर्डांची आवड असेल तर द रेकॉर्ड न्यूज बघाच. सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सचं, ही संस्था १९९० पासून आपल्या मुंबईतलीच. इंग्रजी आहे, दिसायला साधं, पण कुठल्या गायकाची कुठली तबकडी, कंपनी कोणती, नंबर काय, एवढं बारीक दुसरीकडे नाही मिळत. कर्नाटक संगीत आणि नृत्यासाठी चेन्नईचं श्रुती, १९८३ पासूनचं.
बाकी विकत घ्यायची घाई कशाला, दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात एक दुपार बसा आणि जुने दिवाळी अंक मागा. गाण्यावरचे चांगले मराठी लेख मला तरी मासिकांपेक्षा दिवाळी अंकांतच जास्त सापडलेत.

ठेका_दादरा
दिवाळी अंकांचं पटलं. माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवरही बघ, पण फक्त मुखपृष्ठ बघून उचलू नको, अनुक्रमणिका बघ, लिहिणारा स्वतः गाणारा-वाजवणारा किंवा तबकड्या जमवणारा असेल तर डोळे मिटून घे.

बोरिवली_फास्ट
भारी! मावशीच्या क्लासमध्ये विशारदला बसणारी मुलं आहेत, तिला आत्ताच मेसेज टाकला. ती म्हणते गठ्ठा आहे पण खालचे अंक वाळवीने खाल्लेत, वरचे घेऊन जा. रविवारी मेगाब्लॉक नसेल तर आधी तिच्याकडे, मग माटुंगा.