मदत हवी आहे : मक्याला कोंबडीखत, पण पाण्याचा भरवसा नाही

नमस्कार मंडळी, गुहागरकडे आमची थोडी मळ्याची जमीन आहे, भात कापून झालं की त्यात या वर्षी मधुमका लावायचा विचार आहे, पर्यटक उकडलेली कणसं बरी घेतात. जवळच्या पोल्ट्रीवाल्याकडून कोंबडीखत स्वस्तात मिळतंय, भाताच्या तुसाचं लिटर (कोंबड्यांखाली अंथरलेला तूस आणि विष्ठा) आहे, पण ताजं आहे आणि वास तर विचारू नका, शेजारची काकू आत्ताच नाक धरून जाते.

प्रश्न पाण्याचा आहे. पऱ्याला (ओढ्याला) वनराई बंधारा, म्हणजे मातीच्या गोण्यांचा तात्पुरता बांध घालतो, जानेवारीपर्यंत पाणी भरपूर, मग कमी कमी होत फेब्रुवारीत विहिरीवर यावं लागतं. आणि मक्याला नेमकं तुरा आणि केसर येताना पाणी लागतं, तिथेच ओढ बसली तर कणसात दाणेच भरत नाहीत. वरच्या कोपऱ्यात जांभ्याची माती, तिथे पाणी अजिबात ठरत नाही.

शेणखतापेक्षा कोंबडीखतात नत्र बरंच जास्त, ते गरम पडतं आणि ओल कमी असली तर रोपं करपतात एवढं माहीत आहे. मग कुजवूनच घालू ना? किती दिवस? गुंठ्याला किती किलो? सगळं पेरणीआधी मातीत मिसळू की थोडं मागे ठेवून रोपांच्या बुंध्याला मातीची भर देताना देऊ? पाणी कमी असलेल्या कोपऱ्यात प्रमाण अर्धं करावं का, की उलट खताने ओल धरून राहते? युरिया किती कमी करायचा तेही सांगा.

कोकणातल्या मातीत कोणी स्वतः केलं असेल तर प्लीज लिहा, घाटावरचे आकडे इथे चालत नाहीत.