टॉलीमोर आणि कासल वॉर्डमध्ये पळण्याचा मार्ग: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

उत्तर आयर्लंडला जाणं होतंय. तिथे सकाळी डांबरी रस्ता सोडून झाडीतून पळायची फार इच्छा आहे. मनात पहिलं नाव टॉलीमोर फॉरेस्ट पार्कचं. मोर्न डोंगरांच्या पायथ्याशी असलेली ही जुन्या जहागिरीची जमीन १९५५ मध्ये फॉरेस्ट पार्क म्हणून खुली झाली. प्रवेशाच्या रस्त्यावर देवदार आहेत, शिमना नदीवर दगडी पूल आहेत. त्यातला जुना पूल १७२६ चा. नदीकाठाने वर जाऊन पलीकडच्या तीराने परतायचं, असा साधारण दहा किलोमीटरचा फेरा डोक्यात आहे.

अडचण नदीकाठच्या वाटेची. ओली मुळं, शेवाळलेले दगड आणि त्यावर पडलेला पाला, म्हणजे पाय कुठे टाकतोय ते दिसतच नाही. तिथे रस्त्यावरचे बूट चालतील, की खोल खाचांचे ट्रेलचेच घ्यावेत? पाऊस पडून गेल्यावर नदीतल्या पायदगडांवरून ओलांडणं सुरक्षित असतं का, की पुलावरूनच जावं? दाट झाडीत घड्याळाचं जीपीएस भरकटतं, त्यामुळे खुणांच्या पाट्या कितपत नीट आहेत हेही सांगा.

दुसरा बेत स्ट्रँगफर्ड लॉफच्या (म्हणजे समुद्राच्या खाडीच्या) काठच्या कासल वॉर्ड या जुन्या जहागिरीचा. तिथल्या वाड्याची एक बाजू अभिजात (ग्रीक-रोमन वळणाची) आणि दुसरी टोकदार कमानींच्या गॉथिक धाटणीची आहे, तो बघायचाच आहे. पाण्याकाठची वाट सलग पळण्याजोगी आहे का?

कुणी स्वतः पळून आलं असेल तर जरूर लिहा. चढ कुठे लागतो तेवढं कळलं तरी खूप मदत होईल.