प्राचीन अथेन्स वर्गात शिकवताना सुरुवात कुठून करावी?

पायवाट (चर्चाप्रस्ताव)

अथेन्स ही लोकशाहीची जन्मभूमी आहे, हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत पाठ केले आणि तो विषय तेथेच संपला. ग्रीक संस्कृती आणि तिचा आजवरचा प्रभाव शिकवायचा असेल, तर सुरुवात या वाक्यापासून न करता इ.स.पू. ४२७ मधील मितिलिनीच्या वादापासून करावी, असे माझे ठाम मत आहे.

लेस्बॉस बेटावरील मितिलिनी हे शहर अथेन्सच्या आघाडीतून फुटले. बंड मोडून काढल्यावर अथेन्सच्या नागरिकसभेने तेथील सर्व प्रौढ पुरुषांना ठार मारावे आणि बायकामुलांना गुलाम करावे, असा ठराव केला आणि तो हुकूम घेऊन जहाज रवानाही झाले. दुसऱ्या दिवशी लोकांना आपल्याच निर्णयाचे क्रौर्य जाणवले, सभा पुन्हा भरली, क्लिऑनने ठराव कायम ठेवण्याची आणि डायोडोटसने तो मागे घेण्याची बाजू मांडली, आणि अगदी थोड्या मतांच्या फरकाने निर्णय फिरला. मग दुसरे जहाज निघाले. त्यावरचे वल्हेकरी वल्ही न थांबवता मद्य आणि तेलात कालवलेले सातूचे पीठ खात होते आणि पाळीपाळीने झोपत होते. सेनापतीने पहिला हुकूम वाचलेला होता, पण त्याची अंमलबजावणी होण्याआधी हे जहाज पोहोचले, असे त्या काळचा ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीस सांगतो.

डायोडोटसने दयेची याचना केली नाही, अथेन्सचे हित कशात आहे एवढेच तो बोलला, आणि माणसे त्या युक्तिवादाने वाचली. बहुमत म्हणजे काय, घाईचा निर्णय म्हणजे काय, विरोधी मत ऐकून घेण्याची किंमत किती, हे सारे या एका प्रसंगात आहे. अकरा वर्षांनी, इ.स.पू. ४१६ मध्ये, मेलोस बेटाच्या बाबतीत मात्र दुसरे जहाज निघाले नाही. तेथील पुरुष मारले गेले आणि बायकामुले विकली गेली. हेही त्याच पाठात यायला हवे.

प्रभावाचे म्हणाल, तर तो आपल्यापर्यंत कोणाच्या हातून आला ते नावानिशी दाखवावे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा संविधान सभेपुढे मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ग्रीसचा इतिहास लिहिणारा इंग्रज इतिहासकार जॉर्ज ग्रोट याचा संवैधानिक नीतिमत्तेविषयीचा, म्हणजे संविधानाच्या नियमांचा आदर राखण्याच्या वृत्तीविषयीचा, उतारा उद्धृत केला होता. भारतातील विद्यार्थ्याला अथेन्सशी जोडणारा याहून थेट धागा मला माहीत नाही.

इतिहासशिक्षिका

आपली कळकळ मला मान्य आहे, क्रम मान्य नाही. चौदा वर्षांच्या मुलांपुढे पहिल्याच तासिकेला कत्तलीचा ठराव ठेवला, तर ग्रीक लोकही इतर साम्राज्यांसारखेच निर्दय होते एवढाच बोध ती घेतील आणि अथेन्समध्ये खरोखर अपूर्व असे जे घडले ते त्यांच्या नजरेतून निसटेल. युद्ध, लूट आणि गुलामगिरी त्या काळी भूमध्य समुद्राभोवतीच्या जवळजवळ प्रत्येक समाजात होती. दहा गणांतून, म्हणजे नागरिकांच्या दहा विभागांतून, प्रत्येकी ५० असे ५०० नागरिक दरवर्षी चिठ्ठ्या टाकून निवडले जात आणि सभेपुढचे कामकाज ते ठरवत, ही गोष्ट मात्र इतरत्र सहज सापडत नाही. तिशी ओलांडलेल्या नागरिकालाच हे पद मिळे आणि आयुष्यात दोनदांपेक्षा अधिक वेळा मिळत नसे, त्यामुळे फार मोठ्या संख्येने सामान्य माणसे कारभारात येऊन गेली. अथेन्सचा पुढारी पेरिक्लीस याच्या काळात न्यायसभेत बसणाऱ्यांना भत्ता सुरू झाला, म्हणजे दिवसाची मजुरी बुडण्याच्या भीतीने गरीब माणसाने घरी बसण्याचे कारण उरले नाही. सेनापती मात्र मतदानाने निवडले जात, कारण युद्धाला अनुभव लागतो हे त्यांना कळत होते.

आधी मुलांना या रचनेचे आश्चर्य वाटू द्यावे. आश्चर्य वाटल्याशिवाय "मग यात स्त्रिया का नव्हत्या, गुलाम का नव्हते?" हा प्रश्न मुले स्वतःहून विचारत नाहीत, आणि तो प्रश्न त्यांनी विचारावा, मी तो आयता देऊ नये, असे मला वाटते.

दीपमाळ

मला दोन्ही मांडण्या अपुऱ्या वाटतात, कारण दोघांनीही ग्रीस म्हणजे अथेन्स असे धरले आहे. तत्त्वज्ञ थेलीस मिलेटस शहराचा, आणि ते आजच्या तुर्कस्तानात आहे. आर्किमिडीज सिसिलीतील सिराक्यूजचा. पृथ्वीचा परीघ मोजणारा एराटोस्थेनीस जन्मला आजच्या लिबियात आणि काम केले इजिप्तमधील अलेक्झांड्रियात. ग्रीकांनी लिपी फिनिशियनांकडून घेतली आणि खगोलातील नोंदी बॅबिलोनकडून. पुढे नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ग्रीक वैद्य गॅलनचे ग्रंथ अरबीत आणले, आणि बाराव्या शतकात टोलेडोमध्ये टॉलेमीचा खगोलग्रंथ अरबीतून लॅटिनमध्ये गेला. हा सगळा प्रवास गाळून अथेन्सहून थेट लंडन आणि पॅरिसला येणारी रेषा काढायची, ही मुख्यतः अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकातील युरोपची मांडणी आहे. त्या रेषेची झळ आपल्यालाही लागली आहे: इंग्रज राजवटीतील सनदी सेवेच्या परीक्षेत ग्रीक आणि लॅटिनला संस्कृत आणि अरबीपेक्षा अधिक गुण ठेवलेले असत.

प्रभाव म्हणून जे दाखवले जाते त्यातले किती खरोखर प्राचीन आहे, हेही तपासायला शिकवावे. मॅरेथॉनची शर्यत १८९६ च्या ऑलिंपिकसाठी फ्रेंच भाषापंडित मिशेल ब्रेआल याच्या सूचनेवरून सुरू झाली, आणि ऑलिंपियाहून ज्योत धावत नेण्याची प्रथा १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकची, म्हणजे नाझी राजवटीतली आहे.

आंबेडकरांचा उल्लेख करताना २५ नोव्हेंबर १९४९ चे भाषणही सांगावे. भारताला लोकशाही ठाऊक नव्हती असे नाही, हे त्यांनी तेथे बौद्ध भिक्षुसंघांच्या कामकाजाचे नियम दाखवून सांगितले होते.

पायवाट

दीपमाळ, बगदादचा मुद्दा मी पूर्णपणे स्वीकारतो. विज्ञान शिकवताना तो मार्ग गाळणे हा अन्याय आहे. मात्र राज्यव्यवहाराची कथा त्या मार्गाने आलेली नाही. अठराव्या शतकातील अनेक विचारवंतांना अथेन्स हा झुंडशाहीचा नमुना वाटत होता आणि अमेरिकेची राज्यघटना घडवणाऱ्यांतील मॅडिसनचे मतही तसेच होते. १८४६ पासून प्रसिद्ध झालेल्या ग्रोटच्या बारा खंडांनी त्या मताला मोठा धक्का दिला. म्हणजे अथेन्सची थोरवी हाच मुळी वादाचा विषय होता, आणि त्या वादातील एक विधान आपल्या संविधान सभेत पोहोचले. बाबासाहेबांची दोन्ही भाषणे शेजारी ठेवून शिकवावीत, ही आपली सूचना मला फार मोलाची वाटते.

बाई, गुलामगिरी सर्वत्र होती हे खरे, पण अथेन्समध्ये ती लोकशाहीच्या आतच होती. अथेन्समधील एरेक्थियॉन मंदिराच्या बांधकामाचे हिशेब दगडावर कोरलेले आहेत, आणि त्यांत नागरिक, परके रहिवासी आणि गुलाम एकाच कामावर एकाच रोजाने राबताना दिसतात. लॉरिऑनच्या चांदीच्या खाणींत गुलाम राबले, त्या चांदीतून आरमार उभे राहिले, आणि आरमाराची वल्ही मारणाऱ्या गरीब नागरिकांचे सभेतील वजन वाढले. साखळीची ही कडी पुढच्या तासिकेवर ढकलली, तर ती मुलांना दुय्यम वाटेल.

लेणीप्रेमी

एक छोटी भर घालतो. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवरील उत्खननात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची लहान कांस्यमूर्ती सापडली, आणि कार्ल्याच्या चैत्यगृहातील काही खांबांवर धेनुकाकट येथील यवन दात्यांची नावे आहेत. हे यवन वंशाने ग्रीकच होते का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, आणि तो मतभेदही मुलांना सांगण्याजोगा आहे. सहलीला कार्ल्याला जाणाऱ्या शाळा पुष्कळ आहेत. त्या खांबांपाशी दहा मिनिटे थांबणे अवघड नाही.

इतिहासशिक्षिका

लॉरिऑनची साखळी मी पहिल्या तासिकेत घेईन, एवढे मला पटले. क्रमाबद्दल मात्र मी माझ्या मतावर कायम आहे, आणि माझा आधार आपलाच दुवा आहे. आंबेडकरांनी उद्धृत केलेले ग्रोटचे विवेचन मितिलिनीच्या संदर्भात आलेले नाही; ते इ.स.पू. ५०८ च्या सुमारास क्लेइस्थेनीसने केलेल्या सुधारणांच्या संदर्भात आहे. नव्याने रुजणाऱ्या व्यवस्थेत सत्तेला विरोध करणाऱ्यांनीही तिच्या नियमांचा आदर कसा राखावा, हा ग्रोटचा तेथील प्रश्न होता, आणि १९४८ मध्ये आपल्यापुढेही तोच होता. क्लेइस्थेनीसने जुन्या कुळांची पकड मोडण्यासाठी किनारा, शहर आणि अंतर्भाग येथील वस्त्या एकत्र करून दहा गण बनवले. हे मुलांना माहीत नसेल, तर मितिलिनीवर हात वर करणारी ती माणसे कोण होती आणि त्या सभेत ती आली कशी, हे त्यांना कळणार नाही. म्हणून पहिली तासिका क्लेइस्थेनीसची, दुसरी मितिलिनी आणि मेलोसची, आणि दोन्ही भाषणे तिसरीत.