मदत हवी आहे: गोव्यातील नौदल विमान संग्रहालय, आजोबा आणि नातू यांच्यासह

सप्रेम नमस्कार. आम्ही सोलापूरचे. दिवाळीच्या सुट्टीत वडील (वय ७६) आणि नऊ वर्षांचा मुलगा यांना घेऊन दाबोळीजवळ बोगमाळो येथील नौदल विमान संग्रहालय पाहण्याचा विचार आहे. १९७१ च्या युद्धात विक्रांत या विमानवाहू नौकेवरून उडून चितगाव आणि कॉक्स बाजारवर हल्ले करणारी सी हॉक विमाने वडिलांनी आजवर वर्तमानपत्रातील छायाचित्रांतच पाहिली आहेत. त्या जातीचे विमान त्यांनी एकदा जवळून पाहावे, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. मुलाला मात्र सरळ खाली उतरू शकणाऱ्या सी हॅरिअरचे आणि एके काळी एअर इंडियाचे प्रवासी वाहणाऱ्या चार इंजिनांच्या सुपर कॉन्स्टेलेशनचे वेड आहे.

विमाने उघड्यावर उभी असल्याने उन्हाचा प्रश्न आहे. वडिलांचे गुडघे दुखतात. तेथे चाकांची खुर्ची मिळते का, बसायला सावली आहे का, मुलांना एखाद्या विमानात आत जाऊन पाहता येते का आणि आरामात पाहण्यास किती वेळ लागतो, हे नुकतेच जाऊन आलेल्यांनी कृपया कळवावे. तसेच मोटारीने विजयपूर–बेळगाव मार्ग घ्यावा की कोल्हापूर–आंबोली, याबद्दलही अनुभव सांगावा. वडिलांना घाटातील वळणांचा त्रास होतो.