मदत हवी आहे: बंद पडलेलं मिठागर, पाणी सोडायचं का कोरडं ठेवायचं?

पूर्णाकाठचा
मंडळी अर्जंट आहे. ताईच्या सासरचं मिठागर कधीचं बंद पडून आहे, आता घरात दोन तट पडले, एक दीर म्हणतो मुरूम टाकून जागा भाड्यानं देऊ, दुसरा म्हणतो झिंग्याचं तळं करू, आणि भाऊजी म्हणतात हिवाळ्यात एवढे पक्षी उतरतात ते राहू द्यायचं, पण म्हणजे नेमकं करायचं काय ते तू सांग, तू झूलॉजीवाला ना. आता मी दर्यापूर तालुक्यात बसून काय सांगू? पुढच्या आठवड्यात घरची बैठक आहे. पाणी सोडायचं का नाही? आणि पाणथळ म्हणून सरकारी संरक्षण भेटते का? एवढंच सांगा, लेक्चर नको.

वऱ्हाडी ठेचा
दर्यापुरात मिठागर? काऊन भाऊ, पूर्णेले भरती आली काय?

खारपाणपट्टा
आधी माती परीक्षण करून घ्या. आपल्या अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या पट्ट्यात बोअरचं पाणी खारं, ते शेताला देऊ नका, जमीन चोपण होते. जिप्सम टाका, शेततळं घ्या, पावसाचं पाणी साठवा आणि हरभऱ्याला एक संरक्षित पाणी द्या. मी स्वतः केलं आहे.

पूर्णाकाठचा
सर, जमीन नाही सुधारायची. मिठागर उरणकडं आहे, खाडीला लागून.

खारपाणपट्टा
मग तसं लिहायचं ना. जिप्समचं मात्र लक्षात ठेवा.

शेकाट्या
भाऊ, अर्धीच माहिती दिली तुम्ही. खाडीकडचा बांध शाबूत आहे का फुटला? उघाडी, म्हणजे पाणी आत घ्यायची फळ्यांची झडप, चालते का? पाणी रोजच्या भरतीला आत येते का फक्त उधाणाला? कोंड्यात, म्हणजे मिठाच्या वाफ्यात, तिवरं (खारफुटी) उगवली का? आणि सातबारा कोणाच्या नावावर? काही मिठागरं खासगी असतात, काही केंद्राच्या मीठ आयुक्तांकडून लीजवर घेतलेली. लीज असेल तर तुमच्या बैठकीला काही अर्थ नाही.

पूर्णाकाठचा
सातबाऱ्याचं विचारतो. भाऊजींनी फोटो पाठवले त्यात उघाडीच्या फळ्या सडलेल्या दिसतात, बांध खेकड्यांनी पोखरून एका जागी फुटला आहे, तिथून रोज पाणी येते आणि त्या बाजूच्या कोंड्यांत कमरेएवढी तिवरं आहेत. आतले कोंडे पावसानं भरतात आणि उन्हाळ्यात तडे जातात, एका कोपऱ्यात पाणकणीस आहे, बांधावर वेडी बाभूळ. आता सांगा.

शेकाट्या
आता बोलता येईल. ओहोटीला हे पक्षी खाडीच्या चिखलात चरतात, भरती आली की चिखल बुडतो, मग टेकायला त्यांना उघडी उथळ जागा लागते. मिठागर त्यासाठी. भरतीच्या वेळी भाऊजींना बघायला सांगा, टिलवे, तुतारी हे छोटे चिखलपक्षी शेकड्यानं एकाच दिशेला तोंड करून एका पायावर उभे असतात. पाण्याचा हिशोब असा, टिलव्याला बोटभर चालते, लांब पायांच्या शेकाट्याला वीतभर, त्याच्यावर गेलं की त्यांच्या कामाचं नाही. बांध फुटका ठेवला तर दर भरतीला गाळ येईल, तिवराचं बी येईल, काही वर्षांत सगळं जंगल होईल. आणि नुसतं पावसावर सोडलं तर पाणकणीस पसरेल. म्हणून आतली एक लहान उघाडी नवी करा, पावसाळा संपला की उधाणाचं पाणी थोडं घ्या, सगळ्या कोंड्यांत सारखं भरू नका. वेडी बाभूळ काढा. एप्रिलनंतर बांधावर जाऊ नका, शेकाट्या, टिटव्या तिथंच अंडी घालतात.

हिरवं_गाव
तिवरांचं जंगल झालं तर वाईट काय? लाटा अडतात, मासळी वाढते. मी तर म्हणतो सगळ्या कोंड्यांत तिवरं लावा, रोपं वनविभाग देईल.

शेकाट्या
तुमच्यासारख्यांमुळेच उघडे चिखल संपतात. झाड लावलं म्हणजे निसर्ग वाचला असं नसतं, माळरानावरही हेच चाललंय. उगवलीत ती राहू द्या, त्यांना हात लावायचा पण नाही, २०१८ च्या हायकोर्टाच्या निकालानं खासगी जागेतली तिवरंही तोडता येत नाहीत आणि सभोवती ५० मीटरमध्ये बांधकाम बंद. मुरूमवाल्या दीराला एवढंच वाचून दाखवा.

तळ्याचा_धनी
झिंग्यात पैसा आहे बरं का, पक्ष्यांनी घर चालत नाही.

शेकाट्या
झिंग्याला मीटरभरावर पाणी लागते, एकही टिलवा उभा राहणार नाही. आणि किनारी मत्स्यशेतीच्या २००५ च्या कायद्यानं नोंदणी लागते ते वेगळंच.

वकीलसाहेब_मूर्तिजापूर
मूळ प्रश्नाचं उत्तर कोणीच दिलं नाही. २०१७ च्या पाणथळ नियमांत मिठासाठी बांधलेल्या जागा व्याख्येतूनच वगळल्या आहेत, झिंग्याची तळी, सिंचनाचे तलावही वगळले. पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर करारात मात्र मिठागर पाणथळ म्हणून मोजतात. गंमत आहे. तेव्हा ‘पाणथळ’ म्हणून अर्ज करू नका, तिवरं आणि सीआरझेडचा, म्हणजे किनारपट्टीच्या नियमांचा, आधार घ्या.

लोणारकर
आमच्या लोणारचं बघा, २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं होतं, खारट पाण्यातल्या सूक्ष्मजीवांमुळं. त्याच वर्षी रामसर दर्जा भेटला. मिठागरातही शेवटच्या कोंड्यात पाणी असंच लाल होते म्हणे.

शेकाट्या
होते, पण तेवढा खारटपणा आला तर. शेवटच्या एकदोन कोंड्यांत नवं पाणी न घेता उन्हाळ्यात आटू द्या, खाऱ्या पाण्यातली बारीक कोळंबी झाली तर रोहित (फ्लेमिंगो) पण येतात.

वऱ्हाडी ठेचा
लोणारले जायचं हाय मले, मेहकरहून एस्टी कितीले भेटते?

पूर्णाकाठचा
सातबारा आला. जागा खासगीच आहे, भाऊजींसकट चार भावांच्या नावावर, चौथा पुण्याला असतो आणि कोणाचा फोन उचलत नाही. मुरूमवाला ५० मीटरचं ऐकून गप्प झाला. उघाडीच्या फळ्या कोणत्या लाकडाच्या घालतात?

शेकाट्या
सागाच्या. पण आधी चौथ्याची सही घ्या.