अनुभव धागा: डिव्हाइस ट्रीमध्ये बॅकलाइटच्या पायऱ्या कशा बसवता?

एलसीडी पॅनेलचा बॅकलाइट (मागचा दिवा) पीडब्ल्यूएमवर, म्हणजे झपाट्याने चालू-बंद करून उजेड ठरवण्याच्या पद्धतीवर असेल, तर लिनक्सच्या डीटीएस फाइलमध्ये (डिव्हाइस ट्री, म्हणजे बोर्डवरच्या हार्डवेअरचं वर्णन) ‘पीडब्ल्यूएम-बॅकलाइट’ नोड, म्हणजे त्या दिव्याचा विभाग, लिहावा लागतो. जेमतेम दहा ओळी, पण स्क्रीन काळी राहिली की संशय पॅनेलवर जातो आणि चूक इथे सापडते. आकडे आणि फसायच्या जागा लिहा. आत्मचरित्र नको.

काजवा
सगळ्यात जास्त फसवणारी ओळ म्हणजे ‘डिफॉल्ट-ब्राइटनेस-लेव्हल’. तिथे ‘ब्राइटनेस-लेव्हल्स’ टेबलमधली (उजेडाच्या पायऱ्यांची यादी) किंमत नाही, तिचा क्रमांक द्यायचा, तोही शून्यापासून मोजून. टेबल ०, ४, ८, १६, ३२, ६४, १२८, २५५ असेल तर डिफॉल्ट ६ म्हणजे १२८, साधारण निम्मी ड्यूटी (दिवा चालू राहण्याचा वेळ). तिथे २०० लिहिलंत तर कर्नल लॉगमध्ये इशारा देऊन सरळ ७ धरतो आणि स्क्रीन पूर्ण उजेडात उठते. टेबल देऊन ही ओळ गाळली तर ड्रायव्हर प्रोबच होत नाही, म्हणजे सुरूच होत नाही.

टेंभा
आठच पायऱ्या असल्या की स्लायडर सरकवताना उजेड उड्या मारतो. त्यावर उपाय ‘नम-इंटरपोलेटेड-स्टेप्स’, म्हणजे दोन किमतींमध्ये पायऱ्या भरणारी ओळ. टेबल ०, ८, ३२, ९६, २५५ आणि स्टेप्स १६ दिल्या की ४ × १६ + १ = ६५ पायऱ्या होतात, कमाल क्रमांक ६४. पण खरी गोम पुढे आहे. क्रमांक आता या भरलेल्या टेबलातला लागतो. आधी ९६ साठी ३ लिहिलं असेल तर आता ४८ हवं. ३ तसंच राहिलं तर किंमत येते २५५ पैकी १! पॅनेल गेलं असं वाटतं. अंधारात टॉर्च तिरका धरलात तर चित्र दिसतं.

हाताने टेबल घोटायचं नसेल तर ते देऊच नका. आताचा कर्नल १९३१ च्या सीआयई सूत्रावरून डोळ्याला सारख्या वाटतील अशा पायऱ्या स्वतः काढतो. मला तरी हेच पटतं.

समई
‘पीडब्ल्यूएम्स’ ओळीतला पीरियड (एका चालू-बंद चक्राचा वेळ) नॅनोसेकंदात असतो. ५०,००,००० म्हणजे २०० हर्ट्झ. डोळ्याला चालतं, मोबाइलच्या कॅमेऱ्यात पट्टे येतात. ४०,००० म्हणजे २५ किलोहर्ट्झ. मधल्या दोन-चार किलोहर्ट्झला सिरॅमिक कपॅसिटर शिट्टी मारतात. पण नुसता पीरियड घटवून टेबल तेच ठेवू नका. २५५ पैकी ४ ही पायरी २०० हर्ट्झला ७८ मायक्रोसेकंदांचा पल्स देते, २५ किलोहर्ट्झला जेमतेम ०.६३. एवढा बारीक पल्स एलईडी ड्रायव्हर आयसीला पेलतो का, ते डेटाशीटमध्ये पाहा. नाहीतर खालच्या पायऱ्या लुकलुकतात किंवा विझलेल्याच राहतात.

चिमणी
उलट्या पोलॅरिटीचं सर्किट (पिन लो असताना दिवा लागणारं) असेल तर ‘पीडब्ल्यूएम्स’ ओळीत इन्व्हर्टेड फ्लॅग द्या. कंट्रोलर तो पाळत नसेल तर काही जण टेबलच २५५ पासून ० पर्यंत उतरतं लिहितात. चालतं, पण अर्धवट. क्रमांक ० आला की ड्रायव्हर टेबलात काय लिहिलंय ते न पाहता ड्यूटी शून्य करतो. मग पिन लो राहिली की अशा सर्किटवर दिवा पूर्ण पेटतो. ‘एनेबल-जीपीआयओज’ (दिवा चालू-बंद करणारी वेगळी पिन) जोडलेला असेल तर ही भानगड टळते.

पलिता
बूट होताना पांढरा झोत दिसत असेल तर पॅनेलच्या नोडमध्ये बॅकलाइटचा फँडल (त्या नोडकडे बोट दाखवणारा दुवा) द्यायचा राहून गेलाय का ते बघा. तो नसला की ड्रायव्हर पॅनेलची वाट न पाहता दिवा लावतो.

काजवा
डिफॉल्ट बदलूनही फरक पडत नसेल तर सिस्टमडी (लिनक्समधल्या सेवा सुरू-बंद करणारा प्रोग्राम) आठवा. बंद होताना तो ब्राइटनेस साठवतो आणि बूटला तोच परत लावतो, डीटीएस काहीही म्हणो. टेबल खरंच बदललं का हे प्रॉक फोल्डरमधल्या डिव्हाइस-ट्रीमध्ये बाइट दाखवणाऱ्या ओडी कमांडने बघा. प्रत्येक किंमत चार बाइटची, मोठा बाइट आधी: ०० ०० ०० ८० म्हणजे १२८. तिथे जुनेच आकडे दिसले तर बूट पार्टिशनवर नवी डीटीबी (डीटीएसपासून बनलेली बायनरी फाइल) कॉपी करायची राहिलीय.