एएमव्ही: प्रत्येक बीटवर कट आहे, तरी व्हिडिओ गाण्याच्या मागे का पडतो?

अर्धविराम
नमस्कार मंडळी. आवडत्या ॲनिमे मालिकेतली दृश्यं घेऊन एएमव्ही, म्हणजे गाण्यावर बसवलेला ॲनिमे म्युझिक व्हिडिओ, करतेय. गाणं 120 बीपीएमचं, म्हणजे मिनिटाला 120 बीटचं आहे. टाइमलाइनवर मार्कर लावलेत आणि प्रत्येक मार्करवर बरोब्बर कट आहे. तरी बघताना चित्र गाण्याच्या मागून फरफटत येतंय असं वाटतं. कडव्यात संथपणा हवा म्हणून काही क्लिप्स निम्म्या वेगाने चालवल्या, तर त्या धक्के खात चालतात. फ्रेम ब्लेंडिंग लावलं तर पात्रांना दुहेरी कडा दिसायला लागल्या. नेमकं बिघडतंय कुठे?

रेघोट्या
कट बीटवर आहे, पण हालचाल कुठे आहे? तलवारीचा वार घे. सेकंदाला 24 फ्रेम धरल्या तर 120 बीपीएमला एका बीटच्या वाट्याला 12 फ्रेम येतात. बीटवर कट पडला, पात्राने हात उगारला आणि तलवार ढालीवर आदळली ती नवव्या फ्रेमला. म्हणजे कानाला ठोका ऐकू आल्यावर पाऊण बीटने तो डोळ्याला दिसला. फरफट ती हीच.

उलटं करून बघ. आदळण्याची फ्रेम शोध, ती मार्करखाली आण आणि कट जिथे पडेल तिथे पडू दे. कट अलीकडे सरकला तर कुणाला कळतही नाही, पण आघात समेवर आला नाही की लगेच खटकतं. आणि वारच हवा असं नाही. पापणी मिटते, मान वळते, दार लागतं, कपाळावरची बट खाली येते. चित्रकाराने हे ठोके आधीच काढून ठेवलेले असतात, आपण एकेक फ्रेम पुढे सरकत ते हेरायचे. मला या सगळ्या उद्योगात सर्वांत जास्त आनंद यातच मिळतो.

आता संथपणाचं. ॲनिमेत एक चित्र बहुतेक वेळा दोन किंवा तीन फ्रेम टिकतं, म्हणजे सेकंदाला 12 किंवा 8च चित्रं. वेग निम्मा केला की 12ची 6 होतात. मधली चित्रं कुणी काढलेलीच नाहीत, मग धक्के बसणारच. ब्लेंडिंग शेजारची दोन चित्रं एकमेकांवर पसरवतं, म्हणून कडा दुहेरी दिसतात. ऑप्टिकल फ्लो, म्हणजे मधली चित्रं संगणकाकडून अंदाजाने बनवून घेणं, तर रेघच वितळवून टाकतो. हाताने काढलेल्या रेघेचे असे हाल मला बघवत नाहीत.

त्यापेक्षा वेगाला हात लावू नकोस. हालचाल संपून पात्र थांबतं ना, ती फ्रेम लांबव. पात्र तिथे आधीच स्थिर असतं, त्यामुळे आठ-दहा फ्रेम जास्त टिकलं तरी जोड दिसत नाही. फक्त मागे ढग किंवा पाऊस हलत नाही एवढं बघून घे. चपळपणा हवा असेल तर दोनदा आलेल्या चित्रातली एक फ्रेम काढून टाक.

निशाचर
रेघोट्याशी सहमत. त्याआधी मूळ फाइल तपास. डीव्हीडीवरून घेतली असेल तर ती बहुधा सेकंदाला 29.97 फ्रेमची असेल आणि दर पाच फ्रेममध्ये दोन फ्रेमना आडव्या दातेरी रेषा दिसतील. आधी ती 23.976वर आण, मगच कापायला घे. फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम हा आकडा, बदलता असेल तर तोही स्थिर करून घे, नाहीतर मार्कर हळूहळू सरकत जातात. आणि चित्रात कोरलेली सबटायटल्स असलेली प्रत वापरू नकोस, गाण्यावर भलतेच संवाद वाचावे लागतात.

अर्धविराम
रेघोट्याताई, ढालीवरचा वार मार्करखाली आणला आणि कट चार फ्रेम अलीकडे गेला. केवढा फरक पडला! आता ध्रुपदात नायिका गातेय असं दाखवायचंय. ओठ जुळवता येतील?

रेघोट्या
येतील, आणि तुला वाटतं त्याहून सोपं आहे. जपानी ॲनिमेत आवाज बहुतेक वेळा चित्रानंतर देतात, त्यामुळे साध्या संवादात तोंडाचे आकार तीनच पुरतात: मिटलेलं, अर्धं उघडं, पूर्ण उघडं. डोकं स्थिर असलेला क्लोजअप निवड, तिन्ही आकारांची एकेक फ्रेम काढून घे आणि शब्दांप्रमाणे मांड. ‘म’, ‘प’, ‘ब’ला ओठ मिटलेच पाहिजेत, लांबवलेल्या ‘आ’ला पूर्ण उघडे. बाकी अक्षरं अर्ध्या तोंडावर निभावतात. डोळ्यांची उघडझाप थांबली की चेहरा मुखवट्यासारखा दिसतो, म्हणून फक्त तोंडाभोवती मास्क लाव (म्हणजे तेवढाच भाग बदलेल) आणि डोळे मूळ क्लिपचे चालू ठेव.

पण अख्खं ध्रुपद ओठांवर नको. पहिली ओळ तिच्या तोंडी दे, मग ती ज्याच्यासाठी गातेय त्याच्याकडे जा. 1982मध्ये जिम कपोस्टास यांनी पहिला एएमव्ही केला तो दोन व्हीसीआर एकमेकांना जोडून. मास्क नाही, मार्कर नाही. त्यांच्या हातात निवड होती, कोणत्या शब्दाला कोणतं दृश्य. मास्क लावायच्या आधी तेवढं कागदावर लिहून काढ.

निशाचर
आणि यूट्यूबवर टाकणार असशील तर आधी खासगी ठेवून अपलोड कर. गाण्यावर कंटेंट आयडीचा, म्हणजे यूट्यूबच्या हक्क ओळखणाऱ्या यंत्रणेचा, दावा आला तर इतरांनी बघण्याआधीच कळेल. वर्णनात गाणं, गायक, मालिका आणि स्टुडिओ सगळ्यांची नावं लिही. त्याने परवानगी मिळत नाही, पण श्रेय त्यांचं आहे.